जुन्या संगणकाचें दुखणें

नवा संगणक घेण्याची ऐपत सर्वांनाच नसते. आमच्या भंडारा जिल्ह्यांतहि पुष्कळ पालक मुलांच्या अभ्यासासाठीं चार पैसे सांठवून जुना संगणक आणतात. कांहीं दिवसांनीं तो चालतां चालतां एकाएकीं बंद पडूं लागतो. लिहिलेला मजकूर नाहींसा होतो. मग निदान न करतां एकामागून एक भाग बदलले जातात. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं ! पैसा जातो, दुखणें मात्र राहतें. म्हणून हें निदान घरच्या घरीं कसें करावें, याचा थोडक्यांत विचार आम्ही येथें करणार आहों.

पहिलें साधन म्हणजे वही. संगणक केव्हां बंद पडला, त्या वेळीं कोणतें काम चाललें होतें, पडद्यावर कोणता संदेश आला, हें दर वेळीं लिहून ठेवावें. बिघाडाची तऱ्हा पाहिली म्हणजे त्याची जागा बहुधा समजते.

सुरू केल्यावर दहा-वीस मिनिटांनीं किंवा जड काम करतांना तो बंद पडत असेल, तर प्रथम उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर सुमारें १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला म्हणजे आधीं मंदावतो, आणि तरीहि न निवल्यास स्वतःच्या बचावासाठीं यंत्र बंद करतो. आमच्याकडे उन्हाळ्यांत बाहेरचाच पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यांत धूळ व धानाच्या मळणीचा बारीक भुसा पंख्यांत बसतो. विजेची पिन काढून कॅबिनेट उघडावें व मऊ ब्रशानें धूळ झाडावी. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळली असल्यास ती नवी लावावी.

बंद पडण्यास कांहींच नियम नसेल व पडद्यावर दर वेळीं निराळा संदेश येत असेल, तर रॅम तपासावी. दोन रॅम असल्यास एक काढून दुसरीवर संगणक चालवून पाहावा. मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम रात्रभर चालविल्यास रॅममधील चुका बहुधा उघडकीस येतात.

कांहींएक संदेश न येतां दिवा विझावा तसा संगणक विझत असेल, तर वीजपुरवठा पाहावा. आधीं दुसऱ्या सॉकेटवर व दुसऱ्या तारेनें, मग दुसरा एसएमपीएस लावून. मात्र एसएमपीएसची पेटी स्वतः कधींहि उघडूं नये. पिन काढल्यावरहि तिच्यांतील कपॅसिटरांत जीवघेणा विद्युत्भार राहूं शकतो. पालकांनीं याकडे अवश्य लक्ष द्यावें. मदरबोर्डवरील कपॅसिटरांचीं टोकें फुगलीं आहेत काय, हेंहि पाहावें. सन २००० नंतरच्या कांहीं वर्षांत बनलेल्या पुष्कळ यंत्रांत हा दोष आढळला आहे.

संगणक फार मंदावून हार्ड डिस्क टकटक वाजूं लागली, तर दुरुस्तीपूर्वीं आपले सर्व कागद पेन ड्राइव्हवर उतरून घ्यावेत. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून यंत्र तासन् तास नीट चाललें, तर दोष डिस्कचा किंवा तिच्यावरील प्रोग्रॅमचा असण्याचा संभव अधिक.

या सर्वांत एकच नियम पाळावा : एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम लिहावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशानें आला तें कळत नाहीं. ता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत ‘मार्क २’ या संगणकाच्या एका रिलेंत अडकलेला पतंग सांपडला. तेथील मंडळींनीं तो वेळेसह नोंदवहींत चिकटवून ठेवला. तें पान पुढें वॉशिंग्टन येथील संग्रहालयांत जतन झालें. एवढ्या मोठ्या यंत्राचें निदानहि शेवटीं शोध व नोंद यांनींच झालें.

धूळ, पेस्ट किंवा रॅम यांचा दोष थोडक्या खर्चांत निघतो. मदरबोर्डच गेला असेल, तर मात्र नाकापेक्षां मोती जड होऊं न देतां थांबावें. दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं वही भरलेली असावी. म्हणजे काय दुरुस्त करावयाचें हें दुकानदार नव्हे, आपण ठरवूं.