काठी टिकते, पॉट झिजतो

१८ ऑगस्ट २०२० रोजी मायक्रोसॉफ्टचा नवा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ आला. जग टाळेबंदीत घरी बसले होते, खरी विमाने विमानतळांवर उभी होती आणि हा खेळ उपग्रहचित्रांवरून उभारलेली अख्खी पृथ्वी हिंडायला देत होता. बघता बघता चांगल्या जॉयस्टिक बाजारात मिळेनाशा झाल्या. मग अनेकांनी माळ्यावरची जुनी खोकी खाली काढली. त्यांतल्या नव्वदच्या दशकातल्या काठ्यांना पंधरा पिनांचा प्लग होता, आणि नव्या संगणकावर तो लावायला जागाच नव्हती.

जॉयस्टिकमध्ये मुळात तीन गोष्टी असतात: हातात येणारा सांगाडा, काठी किती झुकली हे ओळखणारा सेन्सर आणि ते संगणकाला कळवणारी जोडणी. तिन्हींचे आयुष्य सारखे नसते. स्प्रिंगा आणि बिजागऱ्या धड असतील तर सांगाडा दशके काढतो. सेन्सर झिजतो, जोडणी कालबाह्य होते. पण या दोन्ही गोष्टी घरच्या टेबलावर बदलता येतात.

पंधरा पिनांचा कारभार

ही जोडणी आली १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर. तिला गेम पोर्ट म्हणत. चार अक्ष आणि चार बटणे, एवढाच तिचा आवाका. काठीत प्रत्येक अक्षासाठी शून्य ते सुमारे १०० किलोओहमचा पॉट, म्हणजे बदलता रोध, बसवलेला असे. कार्डावर रोध मोजणारे यंत्र नव्हतेच. ५५८ ही टायमर चिप तेवढी होती. पॉटमधून येणाऱ्या प्रवाहाने एक कपॅसिटर भरत जाई आणि तो भरेपर्यंत प्रोसेसर आकडे मोजत बसे. रोध कमी तर वेळ सुमारे २४ मायक्रोसेकंद, पूर्ण १०० किलोओहमला ११२४. काठी कुठे आहे, हे संगणक असे वेळेवरून ओळखे. म्हणूनच खेळापूर्वी काठी चारही कोपऱ्यांत फिरवून कॅलिब्रेशन करावे लागे.

पुढे साउंड ब्लास्टरसारख्या ध्वनिकार्डांवर हाच पोर्ट फुकटात मिळू लागला. मग यूएसबी आले आणि २००७मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने गेम पोर्टचा आधारच काढून घेतला. धडधाकट काठ्या एका फटक्यात निकामी ठरल्या.

झिजते ते नेमके काय

पॉटमध्ये कार्बनचा पातळ पट्टा असतो आणि त्यावरून धातूची जीभ घासत फिरते. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना जी खरखर ऐकू येते, ती याच घटकाची. उड्डाणात काठी बहुतेक वेळ मधोमध, बारीक हालचाली करत राहते. त्यामुळे पट्टा नेमका मध्यावर झिजतो. विमान सरळ चाललेले असताना नाक उगाच वरखाली होऊ लागते. सेटिंगमध्ये ‘डेड झोन’ वाढवला की हा आजार झाकला जातो, पण उतरताना जिथे नाजूक हात लागतो तिथेच काठी बधिर होते. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने धूळ निघते. गेलेला कार्बन परत येत नाही.

सेन्सरचा आणि जोडणीचा, हे दोन आजार दोन प्रसिद्ध काठ्यांत वेगवेगळे दिसतात. मायक्रोसॉफ्टच्या १९९५च्या ‘साइडवाइंडर ३डी प्रो’मध्ये पॉटऐवजी प्रकाशावर चालणारा सेन्सर होता. तो घासत नाही. अडले ते गेम पोर्टपाशी. थ्रस्टमास्टरची ‘कूगर’ ही एफ-१६च्या काठीची धातूतली प्रतिकृती. ती यूएसबीवर चाले, पण तिचे पॉट लवकर कुरकुरू लागत. शौकिनांनी तिच्यात चुंबकीय सेन्सर बसवले. पुढे कंपनीनेही ‘टी.१६०००एम’ आणि ‘वॉर्टहॉग’ या काठ्यांत चुंबकीय सेन्सरच दिले.

तिसऱ्या पायाची गोष्ट

दुरुस्तीची सुरुवात जोडणीपासून करावी. एटीमेगा ३२यू४ चिपचा ‘प्रो मायक्रो’ बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतो. त्यात योग्य प्रोग्रॅम भरला की संगणक त्याला थेट यूएसबी जॉयस्टिक म्हणून ओळखतो. बटणे सोपी असतात: एक तार ग्राउंडला, दुसरी बोर्डाच्या पिनेला. अंगठ्याखालचा हॅट स्विच मात्र फसवतो. थ्रस्टमास्टरच्या जुन्या काठ्या त्याची दिशा चौथ्या अक्षावर वेगवेगळ्या रोधांनी कळवत. सीएचच्या ‘फ्लाइटस्टिक प्रो’त तेच काम अनेक बटणे एकदम दाबल्याचा संकेत करी.

पॉटची गंमत आणखी वेगळी. त्याला तीन पाय असतात, पण गेम पोर्टला दोनच लागत: एकाला ५ व्होल्ट, मधला पोर्टकडे. तिसरा मोकळाच राही. नवी चिप वेळ मोजत नाही, व्होल्टेज मोजते. म्हणून त्या मोकळ्या पायाला ग्राउंडची तार सोल्डर करायची, की मधल्या पायावर काठीच्या झुकावाप्रमाणे बदलणारे व्होल्टेज मिळते.

बाजारातला साधा पॉट बसवला तर मात्र निराशा होते. तो सुमारे ३०० अंश फिरतो आणि काठी जेमतेम ५०. चिपच्या १०२४ पायऱ्यांपैकी वाट्याला येतात १७०च्या आसपास. काठीच्या कमी फिरकीसाठी बनवलेला पॉट मिळवा, नाहीतर पॉटचा नादच सोडा.

चुंबकाची सोय

१८७९मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉलने सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडून तो चुंबकीय क्षेत्रात ठेवला आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये व्होल्टेज टिपले. एसएस४९ई हा छोटा सेन्सर याच तत्त्वावर चालतो. ५ व्होल्ट दिले आणि जवळ चुंबक नसला तर तो सुमारे अडीच व्होल्ट देतो. चुंबक जवळ आला की हे व्होल्टेज ध्रुवाप्रमाणे वर किंवा खाली सरकते. काठीच्या आसावर चुंबक आणि समोर सेन्सर अशी रचना केली की काहीच कशाला घासत नाही, त्यामुळे झीजही होत नाही. कस लागतो तो चुंबक अचूक मधोमध बसवण्यात. जवळ लोखंडी स्क्रू असेल तर तो पितळी बदलून घ्यावा.

तुमच्या माळ्यावर अशी काठी असेल तर भंगारात देण्याआधी चार स्क्रू काढून आत बघा. बिजागरीला तडा गेला असेल, तर नाद सोडा. तिचा सुटा भाग मिळणे कठीण. पण सांगाडा घट्ट असेल आणि दोष फक्त पॉटचा किंवा प्लगचा असेल, तर ती काठी मोडीत काढण्यासारखी नाही. एक बोर्ड, प्रत्येक अक्षाला एक सेन्सर, चुंबक आणि सोल्डरिंगची सुटीतली एक दुपार एवढ्यावर ती पुन्हा कामाला लागते.