सांधेदुखी : झीज की दाह?

सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत, नळाची तोटी फिरत नाही, कणीक मळावयास घेतली की डोळ्यांत पाणी उभे राहते, अशी तक्रार आपल्या घरातील एखादी स्त्री करीत असेल, तर 'वय झाले, चालायचेच' असे म्हणून तिची बोळवण करू नये. ती पस्तिशीचीही असू शकेल, आणि तिच्या दुखण्याचा वयाशी काही संबंध नसेल.

सांधेदुखी हा एकच रोग नव्हे. गुडघ्यातील कूर्चा झिजून होणारा संधिवात बहुधा उतारवयात येतो. चालताना, जिना चढताना दुखते. विसावा घेतला की शमते. वजन उतरविणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम, हाच त्यावरील पहिला उपाय. तेल चोळल्याने बरे वाटते, एवढेच.

आमवाताची जात निराळी. नाव जुनेच आहे. 'माधवनिदाना'त त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. यात शरीराचे संरक्षक दलच स्वकीयांवर उलटते व सांध्यांच्या अस्तराचा दाह होतो. दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात, आणि सकाळचा ताठरपणा तास तासभर हटत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग दुप्पट-तिपटीने आढळतो. उपचारावाचून एक-दोन वर्षे गेली तरी हाडे कुरतडली जाऊ लागतात, आणि वाकडी झालेली बोटे मग औषधाने सरळ होत नाहीत.

१९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्टिझोन टोचले, आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले. १९५० च्या नोबेल पारितोषिकात हेंच यांचा वाटा होता. परंतु सूज, वाढलेली रक्तशर्करा, ठिसूळ हाडे हे त्या औषधाचे दुसरे रूपही लवकरच दिसले. 'जडीबुटी' म्हणून घेतलेल्या एखाद्या पुडीने दोन दिवसांत चमत्कार घडला, तर तीत स्टेरॉइड मिसळलेले नाही ना, अशी शंका अवश्य घ्यावी. मात्र ती महिनोन्‌महिने पोटात गेली असल्यास एकाएकी बंद न करता डॉक्टरांस दाखवावी.

आमवातात खरा आधार मेथोट्रेक्सेट या गोळीचा. गुण यावयास सहा ते बारा आठवडे लागतात, रक्त वेळोवेळी तपासावे लागते, आणि गर्भारपणात ती पूर्णतः वर्ज्य आहे. या रोगात ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्याने रुग्ण दगावले आहेत. म्हणून गोळीचा वार ठरवून भिंतीवरील दिनदर्शिकेत त्यावर ठळक खूण करावी, आणि घरातील मुलांनाही तो वार पाठ असू द्यावा.