कॉबलस्टोन : डब्लिनच्या सुरांचं राहतं घर

लिफी नदी डब्लिन शहराचे दोन भाग करते. तिच्या उत्तरेला स्मिथफील्ड नावाचा लांबट, दगडी फरसबंदीचा चौक आहे. सतराव्या शतकात बाजार भरवण्यासाठी तो आखला गेला. १७८० मध्ये शेजारच्या बो स्ट्रीटवर जेमसनची व्हिस्कीची भट्टी सुरू झाली आणि १९७१ मध्ये थांबली. घोड्यांचा बाजार मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं इथे भरत राहिला. आता चौकाभोवती हॉटेलं, कार्यालयं आणि फ्लॅट उभे आहेत. त्यांच्या गर्दीत, चौकाच्या उत्तर टोकाला नॉर्थ किंग स्ट्रीटवर, ‘कॉबलस्टोन’ नावाचा जुना पब टिकून आहे. हा दारूचाच पब, संगीत ही त्याला जडलेली खोड, अशी स्वतःची ओळख पबवाले गमतीनं करून देतात.

आत शिरल्यावर नवखा माणूस आधी स्टेज शोधतो. पुढच्या दालनात ते नाही, माइकही नाही. दारालगतच्या कोपऱ्यात एका टेबलाभोवती वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात. आपल्या गावच्या देवळातलं भजन आठवावं. तिथेही टाळकरी श्रोत्यांसाठी बसलेले नसतात, ज्याला ऐकायचं त्यानं कडेला टेकावं. आयरिश लोक या बैठकीला ‘सेशन’ म्हणतात. फिडल, लाकडी बासरी, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, बँजो, क्वचित बोध्रान हे चामड्याचं वाद्य, असा जमाव असतो. दोघंतिघं वादक ठरलेले, पबकडून मानधन घेऊन बैठक धरून ठेवणारे. बाकीचे वाद्याची पेटी बगलेत मारून येतात आणि जागा मिळेल तिथे बसतात. समोर कागद नसतो, सगळं कानावरून शिकलेलं. एक धून दोनतीनदा वाजली की कुणीतरी नुसती भुवई उंचावतो आणि ताल न मोडता सगळे दुसऱ्या धुनेत शिरतात. ज्याला ती येत नाही तो वाद्य मांडीवर ठेवून ऐकतो. पुढच्या खेपेला ती त्याच्याही हातात असते.

या कोपऱ्यात सर्वांत देखणं वाद्य म्हणजे इलन पाइप्स. स्कॉटिश बॅगपाइप तोंडानं फुंकतात आणि उभ्यानं वाजवतात, हे मात्र बसून वाजवायचं. वादक कमरेला पट्टा बांधतो. उजव्या कोपराखाली छोटा भाता, डाव्या बगलेत हवेची पिशवी. कोपरानं भाता दाबला की पिशवी भरते, पिशवी दाबली की सूर निघतो. मांडीवर चामड्याचा छोटा तुकडा असतो. सुराच्या नळीचं टोक त्यावर टेकवलं की स्वर तिथल्या तिथे तुटतो, उचललं की पुन्हा वाहू लागतो. अखंड षड्ज धरणाऱ्या नळ्या मांडीवर आडव्या असतात, आणि त्यांच्याच शेजारच्या चाव्या मनगटानं दाबून मधेच स्वरसंगती देता येते. या वाद्यावर हात बसायला वर्षं जातात. १९६८ मध्ये ‘ना पीबरी इलन’ ही पायपरांची संस्था स्थापन झाली तेव्हा ते वाजवणारे शंभरसुद्धा उरले नव्हते. २०१७ मध्ये युनेस्कोनं या वादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. पायपरांच्या त्या संस्थेची वास्तू कॉबलस्टोनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, हेन्रिएटा स्ट्रीटवर आहे.

पबमधली सेशन युगानुयुगांची परंपरा असेल असं वाटतं, पण तसं नाही. पूर्वी हे संगीत शेतघरांच्या स्वयंपाकघरात आणि चव्हाट्यावरच्या नाचात वाजायचं. १९३५ च्या कायद्यानं सार्वजनिक नाचांना परवाना सक्तीचा केला, आणि घराघरांतल्या नाचांवरही त्याचा बडगा उगारला गेला. पुढे पोटासाठी लंडनला गेलेल्या आयरिश मजुरांनी तिथल्या पबमध्ये फिडलं काढली. साठच्या दशकात लोकसंगीताची लाट आली तेव्हा डब्लिननंही हे आपलंसं केलं. मेरियन रोवरच्या ओ’डोनह्यूज पबमधून ‘द डब्लिनर्स’ हा गाजलेला गट पुढे आला तो याच काळात.

कॉबलस्टोनची कहाणी त्यानंतरची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टॉम मलिगन यांनी तो चालवायला घेतला तेव्हा स्मिथफील्ड हा पडीक भाग होता. मलिगन घराण्यात संगीत पिढीजात. वडील लीट्रिम परगण्यातले फिडलवादक, भाऊ नेली हे नामवंत पायपर. त्यामुळे इथे वादकाला मान मिळाला. मागच्या बाजूला ‘बॅकरूम’ आहे. तिथे तिकिटाचे कार्यक्रम होतात, प्रौढ नवशिक्यांना वाद्यं शिकवली जातात, आयरिश भाषेची मंडळी जमतात. ‘लँकम’सारखा आजचा नावाजलेला गटही डब्लिनमधल्या अशाच बैठकांतून घडला.

याच बॅकरूमवर २०२१ मध्ये गदा आली. पबच्या वर आणि भोवती नऊ मजली हॉटेल बांधण्याचा प्रस्ताव महापालिकेकडे गेला. पुढचा बार राखू, असं आश्वासन होतं, पण मागची खोली जाणार होती. माझ्या मते खरी मेख इथेच होती. दर्शनी भाग तसाच ठेवून आतलं शिकणं-शिकवणं उपटून टाकलं, तर पर्यटकांना फोटो काढायला एक जुना बार उरतो आणि वादक घडायचे थांबतात. डब्लिनकरांनी हे नेमकं ओळखलं. दोन वर्षांपूर्वीच फ्रान्सिस स्ट्रीटवरचं टिव्होली थिएटर अशाच बांधकामासाठी पाडलेलं त्यांनी पाहिलं होतं. ३० हजारांहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. ऑक्टोबरमध्ये शहराच्या संस्कृतीची अंत्ययात्रा म्हणून शवपेटी खांद्यावर घेऊन, वाजतगाजत मोर्चा निघाला. नोव्हेंबरअखेर महापालिकेनं परवानगी नाकारली. इमारतीचा आकार परिसराला न पेलणारा आहे, हे एक कारण. दुसरं कारण मला अधिक मोलाचं वाटतं : सांस्कृतिक वापराची जागा नष्ट होणं शहराच्या विकास आराखड्याला धरून नाही. नगररचनेच्या कागदावर बैठकीतल्या संगीताचं वजन नोंदवलं गेलं, ही मोठी गोष्ट आहे. जुन्या वास्तूचा चेहरा जपणारे नियम पुष्कळ शहरांत असतात. आत काय चालतं तेही जपायचं, हा आग्रह विरळा.

नोकरी-शिक्षणासाठी डब्लिनला असलेल्या मराठी मंडळींनी तर इथे जायलाच हवं. लुआस ट्रामच्या रेड लाइनवर स्मिथफील्ड थांब्याला उतरून चौक ओलांडला की पब आला. पुढच्या दालनातली सेशन ऐकायला तिकीट नाही. दारू पीत नसाल तर सरबत किंवा चहा घ्या, पण काहीतरी नक्की घ्या, कारण वादकांचं मानधन त्या गल्ल्यातूनच निघतं. वादकांच्या टेबलालगतच्या खुर्च्या त्यांच्यासाठी सोडा, त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका आणि जवळ बसलात तर गप्पा आवरा. वाद्य वाजवता येत असेल तर ते घेऊन जा. मात्र आधी विचारा आणि पहिल्या दिवशी नुसतं ऐका.