क्लस्टर उभं करताना: वुल्फपॅक ते क्लाउड विटनेस

संगणक बंद का पडतात, या प्रश्नावर 1985 साली जिम ग्रे यांनी एक अहवाल लिहिला. ते तेव्हा टँडम कंपनीत होते. बँका आणि शेअर बाजार वापरत ती यंत्रं या कंपनीची. त्यांत जवळजवळ प्रत्येक भागाला जोडीदार असे. एक गेला तरी काम चालू राही. तरीही यंत्रं अधूनमधून थांबतच. ग्रे यांनी त्याची कारणं मोजली. हार्डवेअरचा वाटा निघाला 18 टक्के, सॉफ्टवेअरचा 25, वीज-वातानुकूलन वगैरे भोवतालाचा 14. सगळ्यात मोठा वाटा, 42 टक्के, निघाला यंत्र चालवणाऱ्या, जुळवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांचा.

विंडोज सर्व्हरवर डेटाबेस क्लस्टर उभारण्याचा 1997 पासूनचा मागोवा घेताना हा आकडा हाताशी असलेला बरा. क्लस्टर विकलं गेलं ते ‘सर्व्हर जळाला तर?’ या भीतीवर. प्रत्यक्षात या काळात जी सुधारणा झाली, ती बहुतेक या 42 टक्क्यांची होती.

दोन सर्व्हर, एक डिस्क

कल्पना विंडोजची नव्हे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने 1983 मध्येच व्हॅक्सक्लस्टर बाजारात आणलं होतं. त्याच कंपनीतले डेव्हिड कटलर 1988 मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि 1993 मध्ये विंडोज एनटी बाहेर पडलं. पण ‘विंडोजवर बँकेचा डेटाबेस ठेवायचा?’ हा प्रश्न मोठ्या ग्राहकांच्या तोंडी कायम होता. त्याला उत्तर म्हणून 1997 मध्ये एनटी 4.0 च्या एंटरप्राइझ आवृत्तीत क्लस्टर सेवा आली. तिचं आतलं नाव वुल्फपॅक. ग्रे तोवर मायक्रोसॉफ्टमध्ये आले होते, आणि या सेवेच्या रचनेवर 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत त्यांचंही नाव आहे.

मांडणी साधी होती. दोन सर्व्हर, दोघांनाही जोडलेली एक सामायिक डिस्क, आणि एकमेकांची खबर घ्यायला मधे एक स्वतंत्र नेटवर्क केबल. डिस्क दोघांना दिसते, पण एका वेळी वापरतो एकच. सामायिक विहिरीवर पाण्याची पाळी असते तसं. एक सर्व्हर गेला की दुसरा डिस्क ताब्यात घेतो, तेच नाव आणि तोच आयपी पत्ता स्वतःवर चढवतो आणि एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस सुरू करतो.

खरी अडचण सर्व्हर मरण्यात नाही, ती मधली केबल तुटण्यात आहे. दोन्ही सर्व्हर जिवंत असतात आणि दोघांनाही वाटतं की दुसरा गेला. दोघांनी एकाच डिस्कवर लिहायला सुरुवात केली तर डेटाबेसची माती. म्हणून एक छोटी डिस्क पंच म्हणून ठेवलेली असे. तिचं नाव क्वोरम डिस्क. जो मालक आहे तो दर 3 सेकंदांनी तिच्यावर आपलं आरक्षण पुन्हा नोंदवतो. आव्हान देणारा स्कझी बस, म्हणजे डिस्ककडे जाणारी सामायिक जोडणी, रीसेट करून ते आरक्षण मोडतो आणि थांबतो. मालक खरोखर जिवंत असेल तर या अवधीत तो आरक्षण परत मिळवतो आणि आव्हान देणारा मुकाट्याने मागे सरतो. मेलेला असेल तर डिस्क मोकळीच सापडते. ‘खरा मालक कोण’ याचा निवाडा दोन यंत्रं अशी काही सेकंदांत, माणसाला न विचारता करत.

हातकामाचे दिवस

हा निवाडा सुरेख होता. पण त्याच्याभोवतीचं बाकी सगळं माणसाच्या हातात होतं. सर्व्हर, कंट्रोलर, डिस्कची पेटी, ड्रायव्हरची आवृत्ती, हे सगळं मिळून एक संच म्हणून मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणित यादीत असावं लागे. सर्व्हर यादीत आहे, डिस्कची पेटीही यादीत आहे, पण दोघांची जोडी नाही, तर ते क्लस्टर मान्य नाही. दुसरा सर्व्हर चालू असताना पहिल्याने डिस्क फॉरमॅट करायची नाही, ड्राइव्हची अक्षरं दोन्हीकडे सारखी हवीत, असे नियम कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेले असत.

एसक्यूएल सर्व्हर 7.0 च्या काळात सर्व्हिस पॅक चढवणं म्हणजे शिक्षा. आधी विझार्ड चालवून क्लस्टर मोडायचं, मग पॅक चढवायचा, मग क्लस्टर पुन्हा जोडायचं. अखंड सेवेसाठी घेतलेली वस्तू दुरुस्तीपुरती मोडून ठेवायची! साहजिकच लोक पॅक चढवायचं टाळत.

2000 च्या आवृत्तीने हे बदललं. क्लस्टर न मोडता पॅक चढू लागला, आणि एका नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या एका सर्व्हरवर, बसून सेटअप चालवला की तो स्वतःच दुसऱ्या नोडवरही फाइली टाकू लागला. सोय मोठी, पण तिचे स्वतःचे रुसवेफुगवे होते. 2005 च्या आवृत्तीत हा सेटअप दुसऱ्या नोडवर टास्क शेड्युलरमार्फत काम उरकत असे. त्या नोडवर कुणी रिमोट डेस्कटॉपने लॉगिन करून बसलेलं असेल, तर सेटअप तिथे सुरूच होत नसे. एरर म्हणे, दूरच्या यंत्रावर सेटअप सुरू करता आला नाही. माणूस मग नेटवर्क तपासे, फायरवॉल तपासे, खात्याचे अधिकार तपासे. उपाय एवढाच असे: दुसऱ्या नोडवर जाऊन लॉग ऑफ करायचं. ‘प्रगती कशी चाललीय’ हे पाहायला तिथे उघडून ठेवलेली खिडकीच इन्स्टॉलेशन अडवून बसलेली असे.

2008 पासून हा हट्ट सुटला. सेटअप प्रत्येक नोडवर वेगळा चालवायचा: पहिल्यावर नवीन क्लस्टर, बाकीच्यांवर ‘अ‍ॅड नोड’. दिसायला ही पीछेहाट, पण काम निर्धोक झालं. एका नोडवर काही फसलं तर दुसरा शाबूत. पॅकही आधी रिकाम्या नोडवर, मग फेलओव्हर, म्हणजे काम त्या नोडवर हलवणं, मग उरलेल्यावर, असा पाळीपाळीने चढू लागला.

दोघांनीही एकदम लिहायचं ठरवलं तर

ओरॅकलची वाट वेगळी. 2001 च्या 9आय आवृत्तीपासून त्यांच्या रियल अ‍ॅप्लिकेशन क्लस्टर्समध्ये, म्हणजे रॅकमध्ये, सगळे नोड एकाच डेटाबेसवर एकाच वेळी काम करतात. एकाच्या मेमरीतला ब्लॉक दुसऱ्याला हवा असेल तर तो डिस्कवर न उतरवता मधल्या नेटवर्कवरून सरळ पाठवला जातो. त्यामुळे ती मधली केबल इथे नुसती खुशाली विचारायला नसते, डेटाच तिच्यावरून धावतो.

रॅक बहुतेकांनी युनिक्स आणि लिनक्सवर उभारलं. विंडोजवर उभारणाऱ्यांची परीक्षा वेगळीच होती. विंडोज सर्व्हर 2003 वर प्रत्येक नोडवर डिस्कपार्ट उघडून आधी ऑटोमाउंट चालू करायचं. एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये लॉजिकल ड्राइव्ह पाडायचे, पण फॉरमॅट करायचे नाहीत आणि ड्राइव्हचं अक्षरही द्यायचं नाही. मग दुसऱ्या नोडवर पाहावं, तर तिथे विंडोजने आपणहून अक्षरं देऊन ठेवलेली. ती काढायची. नेटवर्क कार्डांची नावं सगळ्या नोडवर हुबेहूब एकच हवीत. होस्ट्स फाइलमध्ये प्रत्येक नोडची तीन नावं: सार्वजनिक, खासगी आणि व्हर्च्युअल. पहिल्या नोडवरून दुसऱ्याचा सी ड्राइव्ह नेट यूजने जोडून पाहायचा, म्हणजे अधिकार पुरेसे आहेत हे कळे. यातलं काही चुकलं तर इन्स्टॉलर लगेच कुरकुरत नसे; बराच पुढे जाऊन, शेवटच्या टप्प्यात क्लस्टर सेवा उठवताना अडकून बसे. मग अर्धवट पडलेलं सगळं रजिस्ट्रीपासून डिस्कच्या हेडरपर्यंत पुसायचं आणि पहिल्यापासून आरंभ.

म्हणूनच 10जीच्या दुसऱ्या आवृत्तीसोबत 2005 मध्ये आलेलं तपासणीचं साधन, क्लुव्हीएफवाय, डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए लोकांना प्यारं झालं. ते काहीच बसवत नाही. बसवण्याआधी काय चुकलंय एवढंच सांगतं.

यादी गेली, तपासणी आली

विंडोजच्या बाजूला हेच वळण विंडोज सर्व्हर 2008 ने घेतलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत मोठा टप्पा. प्रमाणित संचांची ती यादी गेली. त्याऐवजी क्लस्टर मॅनेजरमध्ये व्हॅलिडेशन आलं. डिस्कची आरक्षणं नीट पाळली जातात का, नेटवर्क कार्डं वेगवेगळ्या सबनेटवर आहेत का, दोन्ही नोडवरचे अपडेट सारखे आहेत का, हे सगळं ते स्वतः चालवून पाहतं आणि अहवाल देतं. हार्डवेअर कुठल्या कंपनीचं, हा प्रश्न मागे पडला. ते वागतं कसं, हा पुढे आला. क्लस्टर सेवेसाठी वेगळं डोमेन खातं आणि त्याच्या पासवर्डची चिंता हेही गेलं. क्लस्टरची ओळख अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतलं संगणक खातं म्हणून राहू लागली.

शिकणाऱ्यांसाठीही याच सुमारास दार उघडलं. एरवी सामायिक डिस्कची पेटी घरी कोण आणणार? पण व्हर्च्युअल मशीन स्वस्त झाली, आणि 2011 च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने आयस्कझी टार्गेट हे सॉफ्टवेअर सर्वांना मोफत दिलं. मग एकाच लॅपटॉपवर एक डोमेन कंट्रोलर, एक ‘डिस्कची पेटी’ आणि दोन नोड मांडून कुणीही क्लस्टर उभारून मोडू शकत होतं. पुण्या-मुंबईत परदेशी ग्राहकांचे सर्व्हर रात्रपाळीत सांभाळणाऱ्या मुलांना ग्राहकाच्या यंत्राला हात लावण्याआधी चुका करायची जागा मिळाली, ती अशी.

एकच खोली पुरत नाही

सामायिक डिस्कच्या क्लस्टरच्या मर्यादा तोवर उघड्या पडल्या होत्या. 25 जानेवारी 2003 ला स्लॅमर हा वर्म एसक्यूएल सर्व्हरवर तुटून पडला. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा पॅच आदल्या जुलैपासून उपलब्ध होता. ज्यांनी पॅच चढवला नव्हता त्यांच्या क्लस्टरचा काही उपयोग नव्हता. दुसरा नोडही तितकाच उघडा होता. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत दुसरा धडा मिळाला: दोन्ही नोड आणि त्यांची डिस्क एकाच इमारतीत असतील, तर इमारतीवरच्या संकटात ते एकत्रच बुडणार.

एसक्यूएल सर्व्हर 2012 च्या अव्हेलेबिलिटी ग्रुप्सनी सामायिक डिस्कच काढून टाकली. प्रत्येक नोडकडे डेटाबेसची स्वतःची प्रत, आणि मुख्य नोडवरचा प्रत्येक बदल लॉगमधून बाकीच्यांकडे. सुरुवातीला 4 दुय्यम प्रती ठेवता येत, 2014 पासून 8. त्यातली एखादी दुसऱ्या शहरातही चालते. खाली विंडोजचं क्लस्टर मात्र तेच राहिलं, कारण ‘मालक कोण’ हा निवाडा कुणीतरी करायला हवाच.

तो निवाडा आता डिस्कवरून मतांवर आला. प्रत्येक नोडला एक मत आणि बरोबरी फोडायला एक साक्षीदार. विंडोज सर्व्हर 2012 पासून नोड गळाला की क्लस्टर मतांचा हिशोब स्वतः बदलतं. 2016 पासून साक्षीदार (विटनेस) क्लाउडमध्येही ठेवता येतो. म्हणजे दोन शहरांतल्या नोडचा पंच तिसऱ्याच ठिकाणी, एका छोट्या फाइलच्या रूपात बसतो. मायक्रोसॉफ्टची भारतातली क्लाउड केंद्रं 2015 मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईला सुरू झाली. तेव्हापासून हा पंच देशातच ठेवता येतो. धीरही वाढला: पूर्वी सेकंदाला एक याप्रमाणे 5 हार्टबीट, म्हणजे खुशालीचे संदेश, चुकले की नोड मेला समजत, 2016 पासून एका सबनेटमध्ये 10 चुकेपर्यंत वाट पाहतात. व्हर्च्युअल मशीन आणि क्लाउड यांच्या नेटवर्कला मधूनच ठेच लागते, हे त्यामागचं कारण.

जे अजून हातातच आहे

इन्स्टॉलेशन सोपं झालं म्हणून 42 टक्के संपले नाहीत, त्यांनी जागा बदलली. आजची नेहमीची तक्रार पाहा. अव्हेलेबिलिटी ग्रुप तयार होतो, पण लिसनर, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन ज्याला जोडलं जातं ते नाव, बनत नाही. एरर सांगतो की नेटवर्क नाव ऑनलाइन आलं नाही. नेटवर्कमध्ये काहीच बिघाड नसतो. क्लस्टरच्या संगणक खात्याला अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत नवं संगणक खातं बनवायचा अधिकार नसतो, आणि तो देणारी टीम दुसऱ्या मजल्यावर बसते.

किंवा फेलओव्हर काही सेकंदांत होतो, पण अ‍ॅप्लिकेशन जोडलं जात नाही. दोन सबनेटच्या लिसनरचे दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये असतात आणि जुना क्लायंट ते एकामागून एक आजमावतो. मेलेल्या पत्त्यावर तो तिष्ठत राहतो, तोवर त्याचाच वेळ संपतो. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये मल्टीसबनेटफेलओव्हर चालू केलं की दोन्ही पत्ते एकदम आजमावले जातात. हा एक शब्द घालायचं काम डीबीएचं नव्हे, अ‍ॅप्लिकेशनवाल्यांचं. म्हणून तो राहून जातो. तिसरी गोष्ट लॉगिन आणि एजंटच्या जॉबची. डेटाबेस दुसरीकडे गेला तरी ते आपोआप जात नसत. 2022 च्या आवृत्तीत कंटेन्ड अव्हेलेबिलिटी ग्रुप येईपर्यंत ते हातानेच सारखे ठेवावे लागत, आणि आजही बहुतेक ठिकाणी तसेच ठेवले जातात.

या तिन्हींत क्लस्टरचं सॉफ्टवेअर चोख चाललेलं असतं. चूक होते ती दोन विभागांच्या मधल्या जागेत, आणि तिथे कुठलंच व्हॅलिडेशन पोचत नाही. ती सापडते फक्त ठरवून केलेल्या फेलओव्हरमध्ये: भर कामाच्या दिवशी, अ‍ॅप्लिकेशनवाले, नेटवर्कवाले आणि कामकाज पाहणारे सगळे हजर असताना. असा फेलओव्हर कधीच करून न पाहिलेलं क्लस्टर हे मी क्लस्टर मानत नाही. ते दुप्पट किमतीत घेतलेले दोन सर्व्हर आहेत.

वुल्फपॅकवरच्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत पहिलं नाव वर्नर व्होगेल्स यांचं आहे. पुढे 2005 मध्ये ते अ‍ॅमेझॉनचे तंत्रज्ञानप्रमुख झाले. आज अ‍ॅमेझॉन काय, मायक्रोसॉफ्ट काय, डेटाबेस मागताना एका खुणेच्या चौकोनावर दुसरी प्रत उभी करून देतात. नोड, डिस्क, क्वोरम यातलं काही दिसतही नाही. मात्र किती सेकंदांचे व्यवहार हरवले तर चालतील आणि किती मिनिटं बंद राहिलेलं परवडेल, हे दोन आकडे तो चौकोन भरून देत नाही. समकालिक प्रत ठेवली तर प्रत्येक व्यवहार थोडा मंदावतो, असमकालिक ठेवली तर शेवटचे काही व्यवहार जाऊ शकतात. यातलं काय पत्करायचं, हे धंदा चालवणाऱ्यांनी लेखी द्यायचं असतं. पुष्कळदा ते देत नाहीत आणि डीबीए स्वतःच्या अंदाजाने ठरवून मोकळा होतो. क्लस्टर उभारायला घेताना पहिला दिवस सर्व्हरवर न घालवता हे दोन आकडे मिळवण्यात घालवावा.