मिरचीवरची नवी औषधे आणि शेतकऱ्याची पारख

"ज्याला वास नाही, त्या औषधात दम काय असणार?" मिरची लावणाऱ्याने असे विचारले तर वाचकहो, त्याला अडाणी समजून हसू नका. त्याच्या वडिलांपासून घरात औषध नाकानेच पारखले गेले आहे. मॅलॅथिऑनसारखे जुने औषध मारले की बांधापर्यंत दर्प यायचा, आणि किडे लगेच खाली पडलेले दिसायचे. डोळ्यांना पुरावा मिळे.

नव्या औषधांची तऱ्हा निराळी. फळे पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टिन बेंझोएट फवारले, की अळी काही तासांतच खाणे सोडते. पण मरायला दोन-चार दिवस घेते. दुसऱ्या सकाळी शेतकरी जाऊन पाहतो, तर अळी आपली पानावर आहेच! "औषध फुकट गेले" म्हणून तो दुकान गाठतो आणि उधारीवर दुसरी बाटली आणतो. वास्तविक ती अळी पिकाच्या हिशेबी कालच संपलेली असते. क्लोरअँट्रानिलिप्रोल तर एकराला अर्धा पेला चहाइतकेसुद्धा लागत नाही. एवढ्याशा औषधाला एवढे पैसे, म्हणून मनात शंका. आणि शंका आली की मात्रा वाढते.

पण खरी फसगत बोकड्यात होते. पाने आकसली की सारे बोकड्याच म्हणतात. जरा पान हातात घेऊन पाहा. कडा वर वळून होडीसारखे झाले असेल तर बहुधा फुलकिडे. खाली वळून पालथ्या होडीसारखे झाले असेल तर कोळी. कोळी हा आठ पायांचा, कीटक नव्हेच. त्याच्यावर इमिडाक्लोप्रिड मारून काय व्हायचे? उलट सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारत राहिलात तर कोळ्यांना खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी अधिकच माजतात. मग औषधवाल्याला शिव्या! पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असेल, तर आकसलेले झाड कोणत्याच औषधाने सुधारत नाही, हेही ध्यानात असू द्या.

2021 साली आंध्र आणि तेलंगणात मिरचीच्या फुलांत काळसर फुलकिडे शिरले. थ्रिप्स पार्व्हिस्पिनस हे त्यांचे शास्त्रीय नाव. 2015 मध्ये बंगळूरला पपईवर ते आढळले होते. फुले गळू लागल्यावर घाबरलेल्या शेतकऱ्यांनी एकामागून एक फवारण्या केल्या, हाती येईल ते मिसळून. कीड आटोक्यात आली नाही. खर्च मात्र वाढत गेला.

दुसरा एक समज असा, की हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धास्त. क्लोरअँट्रानिलिप्रोलच्या बाटलीवर हिरवा त्रिकोण असतो खरा, पण पाण्यातल्या बारीक जिवांना ते घातकच आहे. उरलेले द्रावण नाल्यात ओतू नये. आणि तोडणी? हिरव्या मिरचीचे तोडे सारखे चालू असतात, बाजारभाव थांबत नाही. म्हणून फवारणीनंतर किती दिवस थांबायचे हा बाटलीवरचा आकडा सर्वांत आधी विसरला जातो. तोडा उद्यावर आला असेल तर आज फवारू नका, तोडून मग फवारा.

दुकानात गेलात की मोठ्या अक्षरांतले व्यापारी नाव सोडा, बारीक अक्षरांतले मूळ नाव वाचा. फ्लुबेंडियामाइड आणि क्लोरअँट्रानिलिप्रोल ही नावे दोन, पण गट एकच. एकानंतर दुसरे मारले तर औषध बदलले असे होत नाही, आणि अळी त्याला सरावते. पुढच्या खेपेला गटच वेगळा मागून घ्या.