जॅकवर भरवसा किती ठेवायचा?

गेल्या पावसाळ्यात इगतपुरीजवळ आमच्या गाडीचे मागचे चाक पंक्चर झाले. घाईत आम्ही रस्त्याकडेच्या ओल्या मुरमावरच जॅक लावला, चाक उचलले आणि नट सुटेना म्हणून पान्ह्यावर पाय देऊन जोर केला. जॅक कलला, गाडी धाडकन खाली आली. मेव्हण्यांनी हात नुकताच बाहेर काढला होता, म्हणून वाचला.

चूक आमचीच. नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना. जागा सपाट, कठीण हवी. माती मऊ असेल तर जॅकखाली जाड फळी. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालतो. त्यांतले एक उचलले की पकड अर्धी होते. म्हणून पुढच्या, विरुद्ध बाजूच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावावेत. जॅक गाडीखालच्या ठरावीक खाचेतच बसवावा. पोरांना आधी खाली उतरवून रस्त्यापासून लांब उभे करावे.

स्टेपनी आधी गाडीखाली आडवी सरकवावी. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर टेकते. नट समोरासमोरचे आवळावेत. शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावरच.

मेव्हण्यांनी आता डिकीत फळी ठेवली आहे. बहिणीच्या पोळपाटावर त्यांची नजर होती, तो थोडक्यात वाचला!