जुनं विंडोज, नवा पेनड्राइव्ह: ‘येस’ दाबण्याआधी

मराठी छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत विंडोज एक्सपीचा एखादा कॉम्प्युटर अजूनही चालू दिसतो. तो कुणी हौसेने ठेवलेला नसतो. पेजमेकरमध्ये लावलेली जुनी पुस्तकं, युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेला मजकूर, मागच्या पॅरलल पोर्टला कायमचं लावून ठेवलेलं डोंगल, हा सगळा संसार त्याच यंत्रावर नीट चालतो. एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये जुन्या सीएनसी मशीनला जोडलेला किंवा प्रयोगशाळेत एखाद्या महागड्या उपकरणाशी बांधलेला कॉम्प्युटरही असाच असतो. ‘आता नवा घ्या की,’ असं म्हणणाऱ्याला ते उपकरण बदलण्याचा खर्च माहीत नसतो.

अशा यंत्राला कुणीतरी नवाकोरा पेनड्राइव्ह लावतं आणि पडद्यावर प्रश्न येतो: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? घाईत असलेला माणूस ‘येस’ दाबतो. लग्नाचे फोटो, लेखकाने दिलेलं हस्तलिखित, वर्षभराचे हिशेब अशा वेळी जातात. वास्तविक पेनड्राइव्ह धडधाकट असतो. म्हणून या प्रश्नाचा अर्थ आधी समजून घेतला पाहिजे.

‘फॉरमॅट मागतोय, म्हणजे पेनड्राइव्ह खराब झाला’

या संदेशातून कळतं ते एवढंच, की या विंडोजला समोरची मांडणी वाचता येत नाही. पेनड्राइव्हवर फाइली ठेवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. फॅट३२ ही पद्धत १९९६ साली विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. एनटीएफएस ही विंडोज एनटी घराण्याची पद्धत. एक्सफॅट आली २००६ साली, म्हणजे एक्सपी बाजारात आल्यानंतर पाच वर्षांनी. ३२ जीबीपेक्षा मोठे बहुतेक पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं आज कारखान्यातून एक्सफॅट करूनच येतात. एक्सपीला ही पद्धत मुळात ठाऊकच नाही, आणि अनोळखी मांडणीला ते सरळ ‘फॉरमॅट न केलेली’ म्हणून मोकळं होतं.

मायक्रोसॉफ्टने २००९ साली एक्सपीसाठी एक्सफॅटचं वेगळं अपडेट काढलं. सर्व्हिस पॅक २ किंवा ३ असलेल्या यंत्रावर ते बसवलं, की तोच पेनड्राइव्ह निमूटपणे उघडतो. व्हिस्टाला ही पद्धत सर्व्हिस पॅक १पासून समजते आणि विंडोज ७ला पहिल्या दिवसापासून. तेव्हा प्रश्न आला की ‘नो’ म्हणावं, पेनड्राइव्ह काढावा आणि नव्या कॉम्प्युटरवर लावून बघावा. तिथे उघडला तर त्यात काहीही बिघडलेलं नाही.

‘हा यूएसबी ३चा आहे, जुन्या पोर्टला चालणार नाही’

दुकानदारही हे छातीठोकपणे सांगतात. यूएसबी ३.०चा आराखडा २००८ साली ठरला तेव्हा जुन्या चार पिना जागच्या जागी ठेवून आत पाच नव्या वाढवल्या गेल्या. जुन्या पोर्टात घातला की पेनड्राइव्ह त्याच चार पिनांवर, यूएसबी २.०च्या वेगाने काम करतो. टाइप-सी हा तर फक्त तोंडाचा आकार आहे. साधा अडॅप्टर लावला की भागतं.

फरक पडतो तो वेगात. यूएसबी २.०ची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, तर त्याआधीच्या १.१ची अवघी १२ मेगाबिट. १.१च्या पोर्टवर सेकंदाला जेमतेम एक एमबी जातो, म्हणजे ४ जीबीची सामग्री उतरवायला तासाहून जास्त. एक्सपीला २.०चा वेग सर्व्हिस पॅक १पासून मिळाला. मूळ सीडीवरून एक्सपी टाकून तसंच सोडलेलं यंत्र उगाचच रखडत असतं, कारण त्याचं पोर्ट वेगवान असूनही विंडोजला ते माहीत नसतं.

हार्डडिस्कची गोष्ट थोडी निराळी. लॅपटॉपच्या मापाची बाहेरून लावायची डिस्क त्याच वायरीतून वीज घेते. यूएसबी २.०चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं आणि ३.०चं ९००. फिरायला सुरुवात करताना डिस्कला तेवढी वीज पुरली नाही, की ती टक-टक आवाज करते, दिसते, पुन्हा गायब होते. लोक म्हणतात, डिस्क गेली. आधी कॅबिनेटच्या मागचं, थेट मदरबोर्डवरचं पोर्ट वापरून बघा. पुढच्या पोर्टांची आतली वायरिंग पुष्कळदा कामचलाऊ असते. तरीही जमलं नाही, तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मध्ये घाला. आणि टक-टक चालू असताना पुन्हा पुन्हा लावून बघण्याचा हट्ट सोडा, त्याने मात्र डिस्क खरोखर जाऊ शकते.

‘विंडोज ९८ला यूएसबी आहे, मग पेनड्राइव्ह का नाही?’

विंडोज ९८ला यूएसबीचा माउस कळतो, कीबोर्ड कळतो. पेनड्राइव्ह कळत नाही, आणि याचं कारण साल बघितलं की लक्षात येतं. पेनड्राइव्ह बाजारात आले २००० साली, तेही ८ एमबीच्या आसपास क्षमतेचे. ९८ त्याआधी दोन वर्षांचं. सर्व पेनड्राइव्हना चालणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आला तो २००० आणि एमई या आवृत्त्यांपासून. ९८साठी प्रत्येक कंपनी आपला ड्रायव्हर सीडीवर देत असे. आता तशा सीडी मिळत नाहीत, पण जुन्या यंत्रांच्या शौकिनांनी ९८च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी सर्वसाधारण ड्रायव्हरचा संच तयार केलेला आहे आणि तो चालतो. तो यंत्रापर्यंत न्यायचा मात्र सीडीवरून. एनटी ४.०मध्ये यूएसबीच नाही, त्यामुळे तिथे हा प्रयत्नही करू नये.

९८ची आणखी एक अडचण खास आपली आहे. आज आपण फाइलीला सर्रास देवनागरीत नाव देतो. ९८ला युनिकोडमधलं हे नाव पेलत नाही, अक्षरांच्या जागी खुणा दिसतात आणि फाइल उघडायला जावं तर उघडत नाही. फाइल खराब झाली असं समजून लोक ती पुसतात. नव्या कॉम्प्युटरवर तिला रोमन लिपीत छोटं नाव द्या, ती उघडेल. एक्सपीमध्ये चौकोन दिसले तर तेवढंही करावं लागत नाही. नाव आत व्यवस्थित असतं, प्रादेशिक भाषांच्या सेटिंगमधून भारतीय लिप्या टाकल्या की ते वाचता येतं.

क्षमतेबद्दलचे घोळ

‘फॅट३२ला ३२ जीबीच चालते’ हे अर्धसत्य फार पसरलेलं आहे. नव्या फॅट३२ला ३२ जीबीची अट घालतं ते विंडोजचं फॉरमॅट करणारं साधन. आधीच तयार असलेला त्याहून मोठा फॅट३२ एक्सपी बिनतक्रार वाचतं. पद्धतीची स्वतःची मर्यादा नेहमीच्या सेक्टरवर २ टीबी आहे. ४ जीबीची मर्यादा मात्र खरी, आणि ती एकेका फाइलीची. पन्नास जीबी मोकळे असताना लग्नाचा ६ जीबीचा व्हिडिओ जात नाही आणि विंडोज जागा नसल्याची तक्रार करतं, ते याच कारणाने. अशा वेळी एक्सपीसाठी एनटीएफएस वापरा. त्या पद्धतीची मांडणी एक्सपीपासून विंडोज ११पर्यंत तीच राहिलेली आहे, त्यामुळे नव्या कॉम्प्युटरवर केलेला एनटीएफएस जुन्याला वाचता येतो. ९८ला तो वाचता येत नाही.

४ टीबीची बाहेरची डिस्क एक्सपीवर अजिबात उघडत नाही, याचं कारण आणखी वेगळं. डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत याची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीत साधारण २ टीबीपर्यंतच ठेवता येते. त्यापुढच्या डिस्का बहुधा जीपीटी या नव्या नोंदपद्धतीच्या असतात, आणि ३२ बिटांच्या एक्सपीला ती कळत नाही. एकाच पेनड्राइव्हचे दोन भाग केले असतील तर एक्सपीपासून विंडोज १०च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांपर्यंत सगळ्यांना पहिलाच भाग दिसतो. दुसऱ्यातला मजकूर सुखरूप असतो.

माझा सल्ला असा की जुन्या यंत्रासाठी ८ किंवा १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह वेगळा काढावा, नव्या कॉम्प्युटरवर त्याचा एकच भाग करून फॅट३२ फॉरमॅट करावं आणि त्यावर ठळक चिठ्ठी चिकटवावी. मोठी क्षमता तिथे उपयोगाची नाही.

विंडोज ७चं दुखणं उलटं आहे. त्याला एक्सफॅटही कळतं, जीपीटीही कळते, पण यूएसबी ३चा ड्रायव्हर त्यात मुळात नाही. तो विंडोज ८पासून आला. इंटेलने २०१५च्या स्कायलेक प्रोसेसरांपासून जुन्या पद्धतीचा यूएसबी कंट्रोलर काढून टाकला. अशा यंत्रावर पेनड्राइव्हवरून ७ टाकायला गेलं की ते सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर मागतं. डीव्हीडी ड्राइव्ह बदलणारे लोक मी पाहिले आहेत. खरी उणीव यूएसबीच्या ड्रायव्हरची असते, आणि तो ड्रायव्हर आधीच सेटअपमध्ये मिसळून घ्यावा लागतो. त्याआधीच्या यंत्रांवर यूएसबी ३च्या निळ्या पोर्टाऐवजी २.०चं काळं पोर्ट वापरलं तरी पुष्कळदा काम होतं.

‘इंटरनेटच नाही, मग व्हायरस कुठून येणार?’

हा सगळ्यांत घातक समज. पेनड्राइव्हनेच येतो. २००८-०९मध्ये कॉन्फिकर हा व्हायरस ऑटोरनच्या, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याच्या वाटेने असाच पसरला. ऑटोरन बंद करणारं अपडेट एक्सपीला २०११ साली आपोआप मिळालं, तेव्हापासून लोक निर्धास्त झाले. पण २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट ऑटोरनवर अवलंबून नव्हता. इराणच्या नतान्झ इथल्या, इंटरनेटपासून तोडलेल्या अणुकेंद्राला त्याने लक्ष्य केलं. शॉर्टकटचं चित्र दाखवण्याच्या विंडोजच्या कामातच छिद्र होतं. फोल्डर नुसता उघडून बघितला तरी पुरे. ते बुजवणारं अपडेट एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ला मिळालं, २ला नाही. आणि ८ एप्रिल २०१४नंतर तर सर्वसाधारण एक्सपीची डागडुजीच थांबली.

आपल्याकडे ‘न्यू फोल्डर’चं चित्र लावून बसलेली प्रोग्रॅम फाइल ज्यांनी उघडली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. एक्सपी फाइलींच्या नावाची शेपटं (एक्स्टेन्शन) लपवतं, म्हणून ती फोल्डरच वाटते. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन शेपटं दाखवण्याचं सेटिंग पहिल्यांदा चालू करा. शॉर्टकट व्हायरसमध्ये तर खऱ्या फाइली पुसलेल्याही नसतात, फक्त लपवलेल्या असतात. तिथेही लोक रिकामा पेनड्राइव्ह म्हणून फॉरमॅट करून टाकतात. जुन्या यंत्राकडून परत आलेला पेनड्राइव्ह नव्यावर आधी तपासून घ्यावा, कारण लागण दोन्हीकडे होते.

आणि ‘येस’ दाबून झालंच असेल, तर हातपाय गाळू नका. एक्सपीचा फॉरमॅट, क्विक असो वा पूर्ण, आतला मजकूर शून्यांनी भरत नाही. पूर्ण फॉरमॅटमध्ये तसं करायला व्हिस्टापासून सुरुवात झाली. म्हणजे बहुतेक मजकूर अजून तिथेच असतो, गेलेली असते ती नोंदवही. पेनड्राइव्ह लगेच बाहेर काढा, त्यावर एकही फाइल टाकू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवा आणि सापडलेल्या फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या.